गुंगी आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाज, शिंका, सर्दी, अंगावर उठणारं पित्त यांसाठी घेतल्या जाणाऱ्या आणि डोळ्यांवर झापड आणणाऱ्या जुन्या अँटिहिस्टामिन गोळ्यांबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गोळी रोजची झाली असेल तर प्रश्न ६ आणि १७ आधी वाचा.

१. माझी गोळी गुंगी आणणारी आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

पाकिटावरचं मोठं नाव सोडा. त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात, ते वाचा. क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन, हायड्रॉक्सिझिन, प्रोमेथाझिन, सायप्रोहेप्टाडिन आणि क्लेमास्टिन ही जुन्या पिढीतली, गुंगी आणणारी औषधं. डॉक्सेपिन हे मुळात नैराश्याचं औषध, पण खाजेसाठीही दिलं जातं आणि चांगलीच गुंगी आणतं. फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन, लोराटाडिन आणि डेसलोराटाडिन ही नव्या पिढीतली. सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिन नव्या पिढीत मोडतात, पण काठावर उभी आहेत. त्यांच्याबद्दल प्रश्न १४ मध्ये.

२. गोळी खाजेची आहे, मग झोप कशी येते?

हिस्टामिन दोन ठिकाणी दोन वेगळी कामं करतं. त्वचेत ते खाज, लाली आणि सूज आणतं. मेंदूत मात्र ते आपल्याला जागं आणि सावध ठेवतं. जुन्या गोळ्यांचे रेणू स्निग्ध पदार्थात सहज विरघळतात, त्यामुळे रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा ओलांडून ते आत शिरतात आणि तिथलं हिस्टामिनही अडवतात. नव्या औषधांपैकी बरीचशी आत जातच नाहीत, आणि जी थोडी शिरतात त्यांना त्या पडद्यातले प्रथिनांचे पंप पुन्हा बाहेर काढतात. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या मोजणीत हा फरक दिसतो: जुनी औषधं नेहमीच्या मात्रेत मेंदूतल्या हिस्टामिनच्या निम्म्या किंवा त्याहून जास्त जागा अडवून बसतात, फेक्सोफेनाडिन जवळजवळ एकही नाही.

म्हणजे ‘जास्त गुंगी आली, अर्थात औषध जोरदार आहे’ हा समज चुकीचा आहे. हिस्टामिनची खाज त्वचेत थांबते. त्यासाठी मेंदू झोपवण्याची काहीच गरज नाही.

३. रात्री घेतली तर सकाळपर्यंत तिचा अंमल उतरतो ना?

बहुतेकदा नाही. औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला किती वेळ लागतो, ते बघा. प्रौढांमध्ये डायफेनहायड्रामाइनला साधारण ९ तास लागतात, तर हायड्रॉक्सिझिन आणि क्लोरफेनिरामाइनला २० तासांच्या आसपास. रात्री १० वाजता हायड्रॉक्सिझिन घेतलं तर सकाळी ८ वाजता निम्म्याहून बराच जास्त भाग रक्तात असतो, आणि तो पूर्ण निघून जायच्या आत दुसऱ्या रात्रीची गोळी येते. रोज घेणाऱ्यांमध्ये चार-पाच दिवसांत ही पातळी चढत जाऊन स्थिरावते. वय वाढलं किंवा यकृत अशक्त असलं की हा वेळ आणखी लांबतो.

शिवाय ती झोप नेहमीची नसते. या औषधांनी स्वप्नांचा, म्हणजे रेम झोपेचा, टप्पा उशिरा येतो आणि कमी होतो. आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड, अंग मोडून आल्यासारखं वाटतं, ते यामुळे.

४. मला या गोळीने झोप येत नाही. मग गाडी चालवायला हरकत नाही ना?

हरकत आहे, आणि ती गंभीर आहे. २००० साली अमेरिकेत आयोवा इथे ४० जणांना गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवून एक चाचणी झाली. ५० मि.ग्रॅ. डायफेनहायड्रामाइन घेतलेल्यांचं गाडीवरचं नियंत्रण हे मद्य दिलेल्या (रक्तात सुमारे ०.१ टक्के) फेरीपेक्षाही वाईट निघालं. फेक्सोफेनाडिन घेतल्यावर मात्र ते नकली (औषध नसलेली) गोळी घेतल्यासारखंच राहिलं. त्याहून महत्त्वाची बाब अशी की ‘मला किती झोप येतेय’ या स्वतःच्या अंदाजावरून कोण किती वाईट चालवेल हे ओळखता आलं नाही.

पेंग येणं आणि मेंदू मंदावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेंग जाणवते, मंदावणं जाणवत नाही. ब्रेकवर पाय पडायला लागणारा अर्ध्या सेकंदाचा उशीर कोणालाच आतून कळत नाही. यंत्रावर काम, उंचावरचं काम, परीक्षा, बारकाईचे हिशेब या सगळ्यांना हेच लागू. रात्री घेतलेली गोळीही इथे धरायची (प्रश्न ३).

५. चार दिवसांत सवय होते आणि गुंगी कमी होते, असं ऐकलंय. खरं का?

काही अंशी. डायफेनहायड्रामाइन ५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा दिल्यावर पहिल्या दिवशीची झोपाळलेली अवस्था चौथ्या दिवसापर्यंत नकली गोळीइतकीच उरल्याचं एका नियंत्रित चाचणीत दिसलं आहे. पण यातच सापळा आहे. झोप लागावी म्हणून गोळी घेणाऱ्याला पाचव्या रात्री तीच गोळी पुरत नाही. मग एकाच्या दोन होतात, दोनाच्या तीन. तोंडाची कोरड, बद्धकोष्ठता, लघवीचा त्रास हे मात्र मात्रेबरोबर वाढत जातात.

६. इसबाची खाज रात्री सहन होत नाही. ही गोळी घेतली की बरं वाटतं. मग ती खाज कमी करते, असंच ना?

सर्वांत जास्त वेळा येणारा आणि सर्वांत जास्त गैरसमज असलेला प्रश्न हाच आहे. इसबाची खाज मुख्यतः हिस्टामिनची नसतेच. तिथे रोगप्रतिकारक पेशींमधून निघणारे इंटरल्युकिन ४, १३ आणि ३१ यांसारखे संदेशवाहक थेट मज्जातंतूंना चेतवतात, आणि या वाटेवर अँटिहिस्टामिनचा हातच पोचत नाही. बरं वाटतं ते गुंगीमुळे. तुम्ही झोपता, पण खाज झोपत नाही. झोपेत नखं चालूच राहतात. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके आणि नखांखाली त्वचेचे कण सापडतात ते याचमुळे.

यातलं खरं नुकसान असं, की गोळी चालू आहे म्हणून त्वचेचा उपचार मागे पडतो. ज्याने खाज मुळातून उतरते ते काम असं करायचं:

अंघोळ कोमट पाण्याने, ५ ते १० मिनिटांत. टॉवेलने घासू नका, टिपा. अंगावर थोडा ओलावा असतानाच, साधारण ३ मिनिटांच्या आत, सुगंध नसलेलं घट्ट मलम किंवा पेट्रोलियम जेली केसांच्या दिशेने खाली ओढत लावा. लोक कंजुषी करतात ती इथे. सर्वांगाला इसब असलेल्या प्रौढाला आठवड्याला ५०० ग्रॅमच्या आसपास मलम लागतं. महिनाभर छोटी ट्यूब पुरत असेल तर ते पुरेसं लागत नाहीये.

लाल, चरचरणाऱ्या चट्ट्यांवर डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम बोटाच्या मापाने लावा. ट्यूबच्या तोंडातून निघालेली, तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची एक रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती प्रौढाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. स्टेरॉइडची भीती म्हणून पुसटसं लावणारे जास्त दिवस लावत राहतात आणि तरी बरे होत नाहीत.

चट्टा भडकलेला असताना दोन-चार रात्री झोप मिळावी म्हणून डॉक्टर गुंगीची गोळी देतात, ते समजण्यासारखं आहे. ती झोपेसाठी आहे, खाजेसाठी नाही, हे दोघांनाही स्पष्ट असलं पाहिजे. महिनोन्महिने चालणारी गोळी हे मलमाचा उपचार कमी पडत असल्याचं लक्षण आहे.

७. मग अंगावर पित्त उठतं तेव्हा तरी ही गोळी बरोबर आहे का?

इथे अँटिहिस्टामिन बरोबर, पण गुंगी आणणारं नको. पित्ताच्या गांध्या खरोखरच हिस्टामिनच्या असतात, त्यामुळे नव्या पिढीची गोळी इथे छान चालते. ‘पित्त’ या शब्दामुळे अनेक जण आम्लपित्ताचं औषध घेऊन बसतात. पोटातल्या आम्लाशी या गांध्यांचा संबंध नाही, नावाचंच साम्य आहे.

सहा आठवड्यांहून जास्त काळ गांध्या येत राहिल्या तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना असं सांगतात: नव्या पिढीची गोळी ‘लागेल तेव्हा’ न घेता रोज घ्यायची. दोन ते चार आठवड्यांत आराम नसेल तर तीच गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली चौपटीपर्यंत वाढवता येते. त्यानेही भागलं नाही तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन. ‘सकाळी गुंगी न आणणारी, रात्री गुंगी आणणारी’ ही जोडी खूप दिली जाते, पण गांध्यांवर तिचा वेगळा फायदा दिसलेला नाही, आणि दुसऱ्या दिवशीची मरगळ मात्र पदरात पडते.

घरच्या घरी एक तपासणी करा. एका गांधीभोवती बॉलपेनने गोल काढा आणि वेळ लिहून ठेवा. साध्या पित्ताची गांध २४ तासांच्या आत त्या गोलातून नाहीशी होते, भले दुसरीकडे नवी उठो. तीच गांध तिथेच टिकली, खाजेपेक्षा दुखली आणि जाताना काळसर-जांभळा डाग सोडून गेली, तर तो रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. तेव्हा गोळ्या बदलत बसण्याऐवजी त्वचेचा तुकडा तपासून घ्यावा लागतो.

८. तोंड सारखं कोरडं पडतं, पोट साफ होत नाही. याचा गोळीशी संबंध आहे?

हो. ही जुनी औषधं हिस्टामिनबरोबर अ‍ॅसिटिलकोलिन हे आणखी एक रसायन अडवतात. लाळ, आतड्याची हालचाल, मूत्राशयाचं आकुंचन आणि डोळ्याच्या बाहुलीचा आकार या सगळ्यांवर त्याचा ताबा असतो. म्हणून तोंड कोरडं, शौचाला खडा, जवळचं धूसर, लघवीला जोर करावा लागणं. लाळ कमी झाली की दात किडतात, हे सहसा कोणी सांगत नाही.

प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी एखाद्या गोळीनेही पूर्ण अडकू शकते, आणि मग नळी घालावी लागते. बंद कोनाचा काचबिंदू असणाऱ्यांनी ही औषधं टाळायचीच. डोळा अचानक लाल, दुखरा झाला आणि दिव्याभोवती वलय दिसू लागलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

९. आईचं वय ७५ आहे. खाजेची गोळी सुरू केल्यापासून ती संध्याकाळी असंबद्ध बोलते. वयामुळे असेल का?

आधी गोळीवर संशय घ्या. म्हातारपणी मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिन आधीच कमी झालेलं असतं. वर हे औषध आलं की गोंधळ, भास आणि दिवस-रात्रीची उलटापालट होते. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची बीअर्स यादी ६५ वर्षांवरील व्यक्तींनी गुंगी आणणारी अँटिहिस्टामिन टाळावीत असं स्पष्ट सांगते. रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडणं हा दुसरा मोठा धोका.

आईंच्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. मूत्राशयाची, नैराश्याची, पार्किन्सनची काही औषधंही अ‍ॅसिटिलकोलिन अडवतात आणि सगळ्यांचा भार एकत्र जमतो. हायड्रॉक्सिझिन चालू असेल तर हृदयाचा ठोका बिघडण्याच्या धोक्यामुळे युरोपच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये दिवसाची कमाल मात्रा प्रौढांसाठी १०० मि.ग्रॅ. आणि वापर टाळताच येत नसेल तर वृद्धांसाठी ५० मि.ग्रॅ. ठरवली आहे. आणि खाज का येते तेही शोधा. उतारवयात बहुतेकदा त्वचा कोरडी पडलेली असते, आणि प्रश्न ६ मधल्या सुगंध नसलेल्या घट्ट मलमाने ती खाज भागते.

१०. या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश होतो का?

सिद्ध झालेलं नाही, पण चिंतेला जागा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६५ वर्षांवरील सुमारे ३,४०० अमेरिकी लोकांच्या अभ्यासात अ‍ॅसिटिलकोलिन अडवणारी औषधं वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश जास्त आढळला. त्यात जुनी अँटिहिस्टामिनही होती. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण ठरत नाही. तीन दिवस घेतलेल्या गोळीची धास्ती नको. पण तितकाच किंवा जास्त गुण देणारा, हा धोका नसलेला पर्याय हाताशी असताना तीन वर्षं ही गोळी चालू ठेवायला सबळ कारण उरत नाही.

११. लहान मुलाला खाजेसाठी किंवा प्रवासात शांत राहावं म्हणून हे सिरप दिलं तर?

झोपवण्यासाठी कधीच नाही. दोन वर्षांखालच्या मुलांत प्रोमेथाझिनने श्वास मंदावून मृत्यू झाले आहेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. काही मुलांत उलटाच परिणाम होतो: मूल झोपण्याऐवजी चेकाळतं, रडतं, आणि पालक आणखी एक चमचा देतात. तिथे घात होतो. सिरप नेहमी मि.लि. खुणा असलेल्या पिचकारीनेच मोजा, घरातल्या चमच्याने नाही. शाळकरी मुलांत दिवसभराच्या गुंगीने अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि मूल ‘आळशी’ ठरतं.

१२. गोळी सुरू केल्यापासून वजन वाढलंय.

शक्य आहे. मेंदूतलं हिस्टामिन भूकही आवरतं, ते अडवलं की भूक वाढते. सायप्रोहेप्टाडिन तर भूक वाढवण्यासाठीच दिलं जातं.

१३. सर्दीची गोळी आणि खाजेची गोळी एकाच वेळी चालते का?

दोन्हींवरची मूळ नावं वाचल्याशिवाय नाही. सर्दी-खोकल्याच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत आणि सिरपमध्ये क्लोरफेनिरामाइनसारखं औषध आधीच असतं. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून आणि झोपेसाठी मिळणाऱ्या गोळ्यांतही हीच मंडळी असतात. त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. दारू, झोपेच्या गोळ्या, गॅबापेंटिन, ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं यांच्यासोबत घेतल्यास श्वास धोकादायक मंद होऊ शकतो.

१४. सेटिरिझिन सुरक्षित आहे ना? ती बंद केली की भयंकर खाज सुटते.

जुन्या गोळ्यांपेक्षा नक्कीच बरी, पण काही जणांना १० मि.ग्रॅ. सेटिरिझिननेही गुंगी येते. हे औषध म्हणजे शरीरात हायड्रॉक्सिझिनपासूनच तयार होणारा पदार्थ आहे. मूत्रपिंड अशक्त असेल तर ते साठतं, म्हणून मात्रा निम्मी करावी लागते. गाडी चालवणाऱ्यांनी फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिन घ्यावं. फेक्सोफेनाडिन पाण्यासोबतच घ्या, फळांच्या रसासोबत ते नीट शोषलं जात नाही. बिलास्टिन रिकाम्या पोटी.

बंद केल्यावरची खाज खरी आहे. सेटिरिझिन किंवा लिव्होसेटिरिझिन महिनोन्महिने रोज घेऊन थांबवल्यावर काही दिवसांत अंगभर तीव्र खाज सुटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या नियामकाने मे २०२५ मध्ये दिला. हे विरळ आहे. पण त्या खाजेला मूळ अ‍ॅलर्जी समजून माणूस पुन्हा गोळीवर जातो. गोळी पुन्हा सुरू करून हळूहळू कमी केल्याने अनेकांची खाज आटोक्यात आली आहे. डॉक्टरांशी बोलून तसं करा.

१५. पोटात घेण्यापेक्षा खाजेवर अँटिहिस्टामिन मलम लावलं तर बरं, नाही का?

नाही. डायफेनहायड्रामाइनच्या मलमाचीच काहींना अ‍ॅलर्जी होते, आणि खाजेचा पुरळ वाढून ओला होतो. कांजिण्यांसारख्या फुटलेल्या त्वचेवर सर्वांगाला लावल्यास ते रक्तात शोषलं जातं. मुलांमध्ये अशाने भ्रम झाल्याच्या नोंदी आहेत. थंड पाण्याची पट्टी जास्त सुरक्षित.

१६. घरात सगळ्यांनाच खाज आहे. सगळ्यांनी गोळी घ्यावी का?

घरातल्या दोघा-तिघांना एकदम खाज, रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेपाशी, बेंबीभोवती, जननेंद्रियांवर, तर ती अ‍ॅलर्जी नाही, खरूज समजा. भिंग लावून बेचक्यात पाहा: काही मिलिमीटर लांबीची करडी, नागमोडी रेघ दिसली तर ते कीटकाचं बीळ. गुंगीच्या गोळीने कीटक मरत नाही, फक्त निदान लांबतं आणि तोवर आणखी चौघांना लागण होते. खरजेचं ५ टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीही, रात्री लावून ८ ते १४ तासांनी धुवायचं. घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी, आणि साधारण आठवड्याने पुन्हा. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवायच्या. कीटक मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते.

पुरळ काहीच नाही आणि खाज मात्र अंगभर, तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, लोह आणि रक्ताच्या तपासण्या आधी. या आजारांतल्या खाजेवर अँटिहिस्टामिन क्वचितच चालतं.

१७. वर्षभर रोज घेतोय. आता सोडायची कशी?

एका झटक्यात सोडल्यास काही रात्री झोप उडते आणि खाज वाढल्यासारखी वाटते. सकाळपासून नव्या पिढीची गोळी सुरू करा (ज्या आजारात ती चालते त्यातच, प्रश्न ७), आणि रात्रीची गोळी दर एक-दोन आठवड्यांनी निम्मी करत न्या. त्याच दिवसापासून मलमाचा क्रम नीट लावा, नाहीतर गोळी जाते आणि जागेवर काहीच येत नाही. झटके येत असतील, किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर हे स्वतःहून करू नका.

१८. गरोदर आहे किंवा बाळाला अंगावर पाजते. काय घ्यावं?

गरोदरपणात लोराटाडिन आणि सेटिरिझिनचा अनुभव भरपूर आहे, निवड डॉक्टरांनीच करावी. हायड्रॉक्सिझिन टाळा. स्तनपानात जुन्या गोळ्यांनी बाळ झोपाळू, चिडचिडं होऊ शकतं आणि दूधही कमी होऊ शकतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तळहात-तळपायांना पुरळाशिवाय रात्री खाज आली, तर गोळी न घेता त्याच दिवशी पित्ताम्लांची (यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसातल्या आम्लांची) रक्ततपासणी करून घ्या.

१९. मधमाशी चावल्यावर किंवा काही खाल्ल्यावर अंग फुललं, श्वास लागला, तर ही गोळी लगेच द्यायची ना?

श्वास लागणं, आवाज बसणं, ओठ-जीभ सुजणं, चक्कर, उलट्या: यातलं काहीही असेल तर पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, वजनाच्या प्रत्येक किलोला ०.०१ मि.ग्रॅ., प्रौढाला जास्तीत जास्त ०.५ मि.ग्रॅ. अँटिहिस्टामिन सूज आलेला घसा उघडत नाही, घसरलेला रक्तदाब वर आणत नाही, आणि पोटातून चढायला अर्धा-पाऊण तास घेतं. गुंगीच्या गोळीने तर आणखी एक अडचण होते: माणूस पेंगतोय तो औषधाने की रक्तदाब पडल्याने, हे बघणाऱ्याला कळत नाही. आडवं झोपवा, पाय उंच करा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका.

२०. अ‍ॅलर्जीची चाचणी करायची आहे. किती दिवस आधी बंद करायची?

त्वचेवर टोचून करायच्या चाचणीआधी साधारण सात दिवस. डॉक्सेपिनसारख्या औषधांना जास्त वेळ लागू शकतो, म्हणून तुमच्या औषधाचं नाव चाचणी करणाऱ्यांना आधीच सांगा. सर्दीचं मिश्र सिरपही यात धरा (प्रश्न १३). रक्तातून होणाऱ्या आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) चाचणीला काहीच बंद करावं लागत नाही.